सावळ्यांसाठी एकच रकाना कसा पुरेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या महिलांच्या पुरवणीत सीझनल कलर ॲनालिसिसवर, म्हणजे आपल्याला कुठले रंग खुलतात ते ऋतूंची नावं दिलेल्या गटांवरून ठरवायच्या पद्धतीवर, पानभर लेख आला, तो आमच्या स्टाफरूममध्ये हातोहात फिरला आणि मधल्या सुट्टीत त्यावर बरीच चर्चा झाली, म्हणून हे पत्र. विषय घेतलात याचं आधी मनापासून कौतुक, कारण सध्या कॉलेजच्या मुलींपासून लग्नाची खरेदी करणाऱ्या आयांपर्यंत सगळ्या जणी मोबाईलवर हेच बघतायत, मी स्प्रिंग का ऑटम, मला कुठली लिपस्टिक चालेल, आणि मराठीत त्याबद्दल धड कोणी काही सांगत नाहीये. पण लेखाच्या शेवटी जो तक्ता दिला होता ना, गोऱ्या वर्णासाठी एक रकाना, गव्हाळसाठी एक आणि सावळ्यासाठी एक, आणि सावळ्याच्या रकान्यात "मातकट, विटकरी, मेंदी रंग वापरावेत, फिके आणि फार भडक रंग टाळावेत" एवढ्या एका ओळीत काम उरकलेलं, ते वाचून फार वाईट वाटलं. ही पद्धत जे सांगते त्याच्या बरोब्बर उलटं त्या तक्त्यात आलंय.

मी नाशिकला शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना उष्ण रंग, शीत रंग, रंगचक्र, विरोधी रंग हे सगळं शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा विषय मला फॅशनचा वाटत नाही, कामाचा वाटतो, आणि म्हणून थोडं सविस्तर लिहितेय, छापताना जागा नसेल तर काटछाट करा पण तक्त्याबद्दलचं तेवढं ठेवा.

या पद्धतीत मुळात तीन गोष्टी बघतात. रंग उबदार म्हणजे पिवळसर बाजूला झुकतो का थंड म्हणजे निळसर बाजूला, तो किती गडद किंवा फिका आहे, आणि तो स्वच्छ आहे का मळका, म्हणजे त्यात राखाडी किती मिसळलाय. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने, तोही पेशाने शिक्षकच, 1905 साली रंग मोजायची जी ह्यू (रंगाची जात), व्हॅल्यू (गडद-फिकेपणा), क्रोमाची (स्वच्छपणा) पद्धत मांडली तिचंच हे सोपं रूप म्हणा ना. यातून चार गट पडतात, स्प्रिंग म्हणजे उबदार, उजळ आणि स्वच्छ, ऑटम म्हणजे उबदार पण गडद आणि जरा मळका, समर म्हणजे थंड, फिका आणि धुरकट, आणि विंटर म्हणजे थंड, गडद आणि ठसठशीत. पुढे याचे प्रत्येकी तीन करून बारा गट झाले, कुणी सोळा करतात. नावं तिकडच्या हवामानातली आहेत, पानगळीत लाल-तांबडी होणारी झाडं आपल्या सह्याद्रीत तशी नाहीतच आणि आपला पळस तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पेटतो, तेव्हा नावात फार अडकायचं कारण नाही. महत्त्वाचं हे की गोरं-सावळं हे माप या तिनातलं फक्त एक आहे. तुमच्या लेखात तेवढंच एक माप धरून अख्खा तक्ता बनवलाय आणि बाकीची दोन सोडूनच दिलीयत.

सावळ्या रंगात किती फरक असतो ते मी दरवर्षी वर्गात बघते. बाजारात खडूच्या पेटीत जो गुलाबीसर पीच खडू येतो त्याला मुलं सर्रास "स्किन कलर" म्हणतात आणि स्वतःचं चित्र काढताना तोच फासतात, वर्गातल्या कुणाचाच तो रंग नसतो तरी. म्हणून आठवीच्या मुलांना मी स्वतःच्या हाताचा रंग पोस्टर कलरमधून जुळवायला लावते. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि पांढरा, एवढेच रंग द्यायचे आणि मिसळत मिसळत मनगटावर ठिपका लावून बघायचं, जुळला का. तेव्हा लक्षात येतं की एकाच बाकावर बसलेल्या दोन मुली, दोघींचा हात अगदी सारखाच गडद, पण एकीला रंग जुळवताना ऑकर घालत जावं लागतं आणि दुसरीचा रंग क्रिमसन आणि निळ्याचा ठिपका पडल्याशिवाय जुळतच नाही. तिसरी असते तिला चक्क हिरवटपणा लागतो, ऑकरमध्ये किंचित निळा. हाच तो अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या गडदपणाच्या आड असलेला उबदार किंवा थंड झाक. त्वचेत मेलॅनिन असतं, त्याचे दोन प्रकार, एक काळा-तपकिरी आणि एक तांबूस-पिवळा, शिवाय खालून रक्ताचा लाल रंग जाणवतो आणि कॅरोटीनचा पिवळा, या सगळ्यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. ऑकरवाल्या मुलीला गाजरी, मोहरी, शेवाळी रंग खुलतात आणि क्रिमसनवाल्या मुलीला राणी, जांभळा, चिंतामणी निळा, डाळिंबी. आता सांगा, या दोघींना एकाच रकान्यात बसवून दोघींच्या हातात विटकरी ओढणी दिली तर दुसरी मुलगी त्यात आजारी दिसणार, आणि घरातले काय म्हणणार, की बघ, तुझ्या रंगाला काही शोभतच नाही. दोष मुलीच्या वर्णाचा नसतो हो, विटकरीतल्या पिवळ्याचा असतो.

आणि हे वाक्य आपल्याकडे किती मुली ऐकत मोठ्या होतात! हा रंग तुला उठून दिसणार नाही, तुझ्यासाठी आपलं सोबरच बरं, आत्याबाई गोऱ्या आहेत म्हणून त्यांना लाल शोभतो. साडीच्या दुकानात तर गादीवर बसलेला माणूस मुलीच्या तोंडाकडे एकदा बघतो आणि गठ्ठ्यातल्या अर्ध्या साड्या आधीच बाजूला सारतो. मला या कलर ॲनालिसिसचं मोल वाटतं ते इथे, ही पद्धत नीट वापरली तर थंड अंडरटोनच्या सावळ्या मुलीला असं सांगता येतं की लाल तुझाच आहे फक्त तुझा लाल कुंकवाकडचा आहे, शेंदराकडचा नाही, पिवळाही तुझा आहे, गुलाबीही आहे, फिकाही चालतो, थंड बाजूचा बर्फासारखा फिका. कुठलाही रंग पूर्ण बंद होत नाही, एक नारंगी सोडला तर, कारण नारंगी रंग निळसर करताच येत नाही.

ही विद्या आली कुठून तेही तुमच्या लेखात अर्धवटच होतं. मिशेल युजीन शेवरल नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता, तिथे भिंतीवर टांगायचे मोठमोठे विणलेले पडदे बनायचे. त्याच्याकडे तक्रार आली की काळा धागा नीट रंगत नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो मरगळलेला दिसतो. त्याने तपासलं तर रंग उत्तम होता, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला तसं दाखवत होते. त्यातून 1839 मध्ये त्याचा ग्रंथ आला, शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसं बदलतात याचा नियम सांगणारा. आपण इंटरमिजिएटला करड्या चौकोनाभोवती लाल आणि हिरवी चौकट रंगवून जे दाखवतो ते हेच. पुढे जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत 1919 ते 1923 शिकवणाऱ्या योहानेस इटेनच्या लक्षात आलं की विद्यार्थी मोकळेपणी रंग निवडतात तेव्हा त्या रंगांचं त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यामोहऱ्याशी, केसांशी नातं दिसतं. मग अमेरिकेत सुझान केगिल या बाईंनी कॅलिफोर्नियात ऋतूंवरून माणसांचे रंग ठरवायचं काम सुरू केलं, आणि 1980 मध्ये कॅरोल जॅक्सनचं कलर मी ब्युटिफुल आलं तेव्हा ते घराघरात पोचलं. पण त्या पुस्तकाच्या डोळ्यापुढे बाई होती ती गोरी अमेरिकन, तिच्या केसाच्या सोनेरी का राखी, डोळ्याच्या निळ्या का घाऱ्या अशा बारीक बारीक छटा त्यात आहेत, आणि काळी, सावळी, आशियाई माणसं बहुतेक सगळी विंटरमध्ये टाकून दिलीयत. आता रील्स करणारे सांगतात भारतीय म्हणजे ऑटम. म्हणजे चाळीस वर्षांनी आपण एका खोक्यातून उचलून दुसऱ्या खोक्यात, आत बघायचे कष्ट तेव्हाही कुणी घेतले नाहीत आणि आताही नाही.

हे फक्त कपड्यांतच झालंय असंही नाही. कॅमेऱ्याच्या फिल्मचे रंग जुळवायला कोडॅक कंपनी वर्षानुवर्षं लॅबना गोऱ्या मॉडेलचं कार्ड पाठवायची, त्याला शर्ली कार्ड म्हणायचे, तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे फोटो बरोबर. तपकिरीच्या छटा नीट येत नाहीत म्हणून तक्रार केली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी, आणि तेव्हा कुठे त्यात सुधारणा व्हायला लागली. त्वचेचे प्रकार ठरवायची डॉक्टरांची फिट्झपॅट्रिकची मोजपट्टी 1975 ची, तीही सुरुवातीला गोऱ्या त्वचेच्याच चार प्रकारांची होती, तपकिरी आणि काळी त्वचा नंतर जोडली. त्याच 1975 साली आपल्याकडे फेअर अँड लव्हली बाजारात आली आणि नावातलं फेअर काढून ग्लो घालायला 2020 उजाडलं. चांगल्या गोष्टीही घडल्यात, 2017 मध्ये फेंटी ब्युटी या मेकअप कंपनीने एकदम चाळीस शेडचं फाउंडेशन आणलं आणि बाकी कंपन्यांना गडद शेड वाढवाव्या लागल्या, 2022 मध्ये एलिस मंक या समाजशास्त्रज्ञाची दहा वर्णांची पट्टी गूगलने घेतली. आपली वर्तमानपत्रं मात्र अजून तीन रकान्यांवर आहेत.

आता लेखातल्या चाचण्यांबद्दल. मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर उबदार, निळ्या दिसल्या तर थंड, असं दिलंय. शीर हिरवी का निळी दिसते हे ती किती खोल आहे, किती जाड आहे आणि वर मेलॅनिनचा थर किती आहे यावर अवलंबून असतं, सावळ्या हातावर बहुतेकींना ती हिरवटच दिसते किंवा दिसतच नाही. म्हणजे या चाचणीने महाराष्ट्रातल्या बहुतेक बायका उबदार निघणार, आणि निघतायत. सोनं शोभतं का चांदी ही दुसरी चाचणी, तिचीही आपल्याकडे पंचाईत आहे कारण मंगळसूत्र, नथ, बांगड्या या सवयीने सगळ्या सोन्यातच छान वाटतात, डोळ्याला ते इतकं ओळखीचं झालंय की तटस्थपणे बघताच येत नाही. आणि मोबाईलवरचं ॲप तर सोडूनच द्या, फोनचा कॅमेरा खोलीतल्या उजेडाप्रमाणे आपणहून रंग बदलतो आणि सेल्फी कॅमेरा चेहरा आपणहून उजळ करतो, त्या फोटोवरून तुमचा सीझन सांगणारं ॲप तुमचा रंग बघतच नसतं.

खरी पद्धत कापडाची. तोंड धुतलेलं, मेकअप काही नाही, केसांना कलर असेल तर डोक्याला पांढरा पंचा गुंडाळायचा, अंगावरचा कपडाही पांढऱ्याने झाकायचा, आणि सकाळी नऊ-दहाला खिडकीशी बसायचं, थेट ऊन नको, नुसता उजेड. मग हनुवटीखाली एकेक कापड धरायचं आणि कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं. दक्षिण कोरियात, सोलमध्ये, पर्सनल कलरची जी एवढी मोठी बाजारपेठ उभी राहिलीय तिथेही हेच करतात, शेकडो कापडं एकामागून एक. आपल्याकडे मोठ्या शहरांत आता याचे काही हजार रुपये घेतात, ज्यांना परवडतं त्यांनी जावं, पण आपल्या घराघरात जेवढी कापडं आहेत तेवढी कुठल्या सल्लागाराकडे असणार? आजीच्या ट्रंकेपासून वहिनीच्या कपाटापर्यंत सगळ्या साड्या काढा आणि जोड्या लावा. पांढराशुभ्र विरुद्ध मोतिया, काळा विरुद्ध चॉकलेटी, डाळिंबी विरुद्ध शेंदरी, राणी विरुद्ध गाजरी, बाटली हिरवा विरुद्ध शेवाळी. दर वेळी दोनच, पाठोपाठ, आणि बघायला दुसरं माणूस हवं, आपलं आपल्याला आरशात कळत नाही कारण आपण आवडता रंग जिंकवतो. काय बघायचं, तर डोळ्याखालची काळी वर्तुळं, ओठांच्या कडेचा काळपटपणा, जो आपल्या त्वचेत पुष्कळ जणींना असतो, आणि जबड्याची कड. चुकीच्या कापडात हे सगळं आधी पुढे येतं, बरोबर कापडात ते मागे जातं आणि डोळे दिसतात. यात जादू काही नाही, एक तर शेवरलचा शेजारचा रंग आणि दुसरं म्हणजे कापडावरून उजेड परावर्तित होऊन हनुवटीवर पडतो, पिवळ्या कापडाचा पिवळा, निळ्याचा निळा.

आणि चार गटांबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. रंग शेजारी ठेवला की चेहरा वेगळा दिसतो हे पक्कं आहे, पण माणसांचे चारच किंवा बाराच प्रकार असतात हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही, ती सोयीसाठी केलेली मांडणी आहे, एकाच बाईला दोन सल्लागार दोन सीझन सांगतात असं नेहमी होतं. त्यामुळे गटाचं नाव नाही मिळालं तरी बिघडत नाही, आपला लाल कुठला, आपला पांढरा कुठला आणि आपला निळा कुठला एवढं कळलं तरी कपाटाचं निम्मं काम होतं.

आता साडी. ही पद्धत शर्ट-स्कार्फवाल्या लोकांनी बनवलीय, त्यामुळे ती साडीला जशीच्या तशी लावता येत नाही आणि हे मला कुठेच लिहिलेलं दिसलं नाही. साडीत चेहऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं ते ब्लाऊज! गळा, खांदे, बाह्या, सगळं ब्लाऊजचं, आणि साडीचा फक्त पदर डाव्या खांद्यावर. म्हणजे साडीचा रंग तुम्हाला अजिबात जुळत नसला, सासूबाईंनी हौसेने घेतलीय, मानाची आहे, नेसावीच लागणार, तरी ब्लाऊज आपल्या रंगाचं शिवून घेतलं की चेहरा वाचतो. मोहरी रंगाची साडी आणि तुमचा अंडरटोन थंड, तर डाळिंबी किंवा वांगी रंगाचं कॉन्ट्रास्ट ब्लाऊज, काठात तो रंग असला तर उत्तमच. साडीतलं ब्लाऊजपीस कापलंच पाहिजे असं कुठे लिहून ठेवलंय? पैठणीची तर आणखी मजा, आमच्या जिल्ह्यात येवल्याला मागावर बघा, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून हलताना साडी दोन रंग दाखवते. जांभळ्यात लाल धागा असेल तर ती उबदार व्हायला लागते, निळा असेल तर थंड, आणि दुकानात पिवळ्या दिव्याखाली हे कळतच नाही. जुने दुकानदार साडी उचलून दारात न्यायचे आणि म्हणायचे, उजेडात बघा, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700 केल्विनचा (उजेड किती पिवळा का निळसर ते सांगणारं माप) असतो आणि दुपारचा दिवसाचा 5500 च्या पुढे, एकच कापड दोन्हीकडे वेगळं दिसणारच. हल्लीच्या एसी शोरूममध्ये दारापर्यंत जायला संकोच वाटतो, पण जावं, हजारो रुपये आपण देतोय.

लग्नात मामाकडची पिवळी साडी आणि हिरवा चुडा प्रत्येक नवरीला असतोच, ती कुठल्याही सीझनची असो. तिथे निवड करायची ती पिवळ्याच्या आत. हळदीचा गडद पिवळा, लिंबाचा हिरवट थंड पिवळा, मोहरीचा मळका, सायीचा फिका, दुकानात सगळे असतात, आपण मात्र "पिवळी दाखवा" म्हणतो आणि पहिली येते ती घेतो. नवऱ्यामुलाच्या फेट्याचंही तेच, फेटा तर डायरेक्ट कपाळालाच टेकतो, पण मुलांना कोणी विचारतच नाही.

मेकअपबद्दल दोन गोष्टी, कारण लेखात लिपस्टिकच्या शेडचे नंबर होते पण हे नव्हतं. आपल्यापैकी पुष्कळ जणींचे ओठ कडेने गडद असतात, वरचा ओठ खालच्यापेक्षा काळपट असतो, त्यामुळे कांडीवर दिसणारा रंग ओठावर तसा येत नाही, तो ओठाच्या मूळ रंगात मिसळतो. हातावर लावून शेड निवडली तर फसायला होतं. आणि फाउंडेशन लावून चेहरा राखेसारखा दिसतो ना लग्नातल्या फोटोत, ते दोन कारणांनी, एक तर शेड फिकी घेतलेली असते, तिच्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतं आणि ते सावळ्या त्वचेवर राखाडी दिसतं, आणि दुसरं, अंडरटोन चुकलेला असतो. आपल्याकडे कपाळ, गाल आणि मान यांचे रंग वेगवेगळे असतात, म्हणून फाउंडेशन जबड्यापासून मानेवर ओढून बघायचं. माझ्या एका विद्यार्थिनीचं लग्न झालं, सुंदर सावळी मुलगी, चित्रकलेत हात फार चांगला होता तिचा, आणि पार्लरवालीने तिला इतकं उजळ केलं की चेहरा एका रंगाचा आणि चुडा भरलेले हात दुसऱ्याच. फोटोग्राफरने वर आणखी उजळवलं. तिने ते अल्बम मला दाखवले तेव्हा ती स्वतःच म्हणाली की बाई, यात मी कुठे आहे? मला त्या मुलीसाठी अजून वाईट वाटतं, इतक्या हौसेचा दिवस.

वय झालेल्या बायकांनी फिके रंग घालावेत हाही असाच एक समज. केस पांढरे झाले की चेहऱ्याजवळचा सगळ्यात मोठा रंग बदलतो, एरवी काळेभोर केस होते तिथे आता चांदी आली, आणि त्या चांदीजवळ पुष्कळ जणींना राणी, मोरपंखी, जांभळा इतका छान दिसतो की बघत राहावं. उलट साठीनंतर केसांना कुळकुळीत काळा डाय लावला की त्वचा थकलेली दिसते, कारण त्वचेतला रंगही वयाने उतरलेला असतो आणि केस मात्र पंचविशीतले. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी निवृत्तीच्या वर्षात डाय सोडला आणि संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून आल्या, मुलंसुद्धा म्हणाली बाई आज भारी दिसताय.

मी कपड्यांना फार महत्त्व देतेय असं कुणाला वाटेल, आणि शिक्षिकेने हे का लिहावं असंही. पण दहावीच्या निरोपसमारंभाला साडी नेसायची म्हणून मुली महिनाभर आधी विचारायला येतात, बाई माझ्या रंगाला काय चालेल, आणि विचारताना त्यांचा आवाज बारीक झालेला असतो. गोऱ्या मुली हे विचारत नाहीत. चालेल हा शब्द ऐकला ना की मला तुमच्या तक्त्यातला तो तिसरा रकाना आठवेल आता. वधूवर जाहिरातींत "गोरी" हा शब्द तुमच्याच पानांवर दर रविवारी छापून येतो, तो पुरवणीतही येऊ नये एवढीच कळकळ आहे.

माझी विनंती अशी. नवरात्रात तुम्ही नऊ दिवसांचे नऊ रंग छापता आणि त्या दिवशी लोकल, बँका, शाळा, सरकारी ऑफिसं सगळी त्या रंगात दिसतात, इतकं बळ कुठल्या फॅशन मासिकात नाही. यंदा प्रत्येक रंगाखाली त्याचे उबदार आणि थंड प्रकार द्या ना. लाल दिवशी शेंदरी आणि विटकरी एकीकडे, कुंकू लाल आणि डाळिंबी दुसरीकडे, पांढऱ्याला मोतिया आणि शुभ्र, हिरव्याला शेवाळी, मेंदी आणि समोर पाचू, बाटली. करड्या दिवशी बायका कुरकुरतात की हा रंग कुणालाच बरा दिसत नाही, त्यांना सांगा की तपकिरीकडे झुकणारा करडा वेगळा आणि निळसर करडा वेगळा. नारंगी दिवशी ज्यांना तो जुळत नाही त्यांनी साडी नारंगी नेसावी आणि ब्लाऊज आपल्या रंगाचं घालावं, एवढी एक ओळ पुरे. आणि सोबत फोटो द्या ते मॉडेलचे नकोत, आपल्याच वाचक बायकांचे द्या, एकाच गडदपणाच्या दोघी शेजारी शेजारी, एक उबदार आणि एक थंड, दोघींना तेच दोन लाल लावून. बघणाऱ्याला लगेच कळेल. आमच्या स्टाफरूममधल्या आम्ही काही जणी बसायला तयार आहोत, साड्या आमच्याच, खिडकी शाळेची, फोटोग्राफर तुमचा. फक्त फोटो उजळवू नका.

एक छपाईचंही सांगते. तुमचा कागद जरा पिवळट-करडा असतो आणि शाई त्यात शोषली जाते, त्यामुळे नुसते रंगाचे चौकोन छापले तर स्वच्छ रंगही मळके दिसतील आणि स्प्रिंगचा नि ऑटमचा फरक वाचकाला कळणारच नाही. म्हणून चौकोनाखाली रंगाचं नाव घाला, आमसुली, अबोली, श्रीखंडी, मोरपंखी, अंजिरी, असं. छापलेला अबोली कदाचित अबोली दिसणार नाही, पण नाव वाचलं की बायकांना कळतं कुठला, आणि त्या कपाटातून बरोब्बर तीच साडी काढतील.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
एक चित्रकला शिक्षिका, नाशिक